उकड्या भातातलं रसायन

सांगलीची मुलगी शिकायला तंजावूरला जाते म्हटल्यावर घरी, शेजारी, बसमध्ये, सगळीकडे एकच प्रश्न येतो: इतक्या लांब का? मी तंजावूर–तिरुचिरापल्ली रस्त्यावरच्या तिरुमलैसमुद्रम इथल्या शास्त्र विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीला होते. सुरुवातीची वर्षं गणित, प्रोग्रॅमिंग आणि ओळखीच्या रसायनात जातात. पुढे एन्झाइम, चयापचय, भौतिक रसायन, उपकरणांनी करायचं विश्लेषण असे विषय एकदम अंगावर येतात, आणि बारावीपर्यंत हुशार म्हणवलेली मुलंही हबकतात. त्या टप्प्यावरची मुलं-मुली आता मला विचारतात तेव्हा मी जे सांगते ते इथं लिहिते आहे. दुसरा मुद्दा घाईनं वाचू नये.

१. पाठांतर करा, पण त्याआधी ‘हे असंच का’ विचारा

क्रेब्स चक्र सगळ्यांना पाठ असतं. सायट्रेटचं आयसोसायट्रेट होतं, हेही पाठ असतं. पण का होतं? सायट्रेटमधला हायड्रॉक्सिल गट ज्या कार्बनवर आहे त्याच्यावर एकही हायड्रोजन नाही. तो तृतीयक अल्कोहोल आहे, त्याचं कार्बन-कार्बन बंध न तोडता कीटोन होऊ शकत नाही. म्हणून अकोनिटेज हे एन्झाइम तो गट शेजारच्या कार्बनवर नेऊन ठेवतं. आता अल्कोहोल द्वितीयक झालं, त्याचं ऑक्सिडीकरण होतं, कीटोन तयार होतो. हा कीटोन एका कार्बॉक्सिल गटापासून बरोबर बीटा जागी येतो. बीटा-कीटो आम्लातून कार्बन डायऑक्साइड सहज निघतो, हे तर सेंद्रिय रसायनाच्या पेपरात आपण आधीच शिकलेलो असतो.

म्हणजे वरवर रिकामी वाटणारी ती पायरी पुढच्या दोन पायऱ्यांची तयारी आहे. एकदा असं वाचायची सवय लागली की लेनिंजरच्या जाडजूड पुस्तकातली चक्रं आपोआप लक्षात राहतात. वहीत जीवरसायनाच्या प्रत्येक विक्रियेशेजारी सेंद्रिय रसायनातलं तिचं नाव लिहा: आल्डोलेजसमोर उलटी आल्डॉल, सायट्रेट सिंथेजसमोर आल्डॉलसारखी जोडणी, फ्यूमरेजसमोर दुहेरी बंधावर पाण्याची भर. दोन विषयांच्या दोन वह्या ठेवू नका.

२. थायमिन नीट शिका, बाकीचं सोपं होईल

आमच्या मेसमध्ये भात उकड्या तांदळाचा असे, तमिळमध्ये पुळुंगल अरिसी. सांगली-कोल्हापूरकडच्यांना तो जाड आणि वेगळ्या वासाचा वाटतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्यांना घरच्यासारखा. कावेरीच्या खोऱ्यात कापणीनंतर साळ भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मगच भरडतात. या प्रक्रियेत कोंड्याच्या थरातलं आणि अंकुरातलं थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, पाण्याबरोबर दाण्याच्या आत उतरतं. वाफेनं स्टार्च फुगून घट्ट बसतं आणि थायमिन तिथं अडकतं. नंतर तांदळाला पॉलिश केलं तरी त्यातलं बरंचसं वाचतं. कच्ची साळ भरडून पॉलिश केली तर ते कोंड्याबरोबर निघून जातं.

याचा इतिहास वाचाच. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान यांनी १८९० च्या दशकात पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांमध्ये बेरीबेरीसारखा मज्जातंतूंचा आजार पाहिला. कोंडा दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. १९२९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा या कामासाठी होता. आपल्याकडे मद्रास इलाख्यातही हाच फरक दिसला: कच्चा, पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या तेलुगू किनारपट्टीवर बेरीबेरी ठाण मांडून होता, उकडा खाणाऱ्या तमिळ भागात तो फारसा नव्हता. आणि ज्या रॉबर्ट विल्यम्स यांनी १९३६ मध्ये थायमिनचं प्रयोगशाळेत संश्लेषण केलं, त्यांचा जन्म १८८६ चा, याच इलाख्यातल्या नेल्लोरचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. अजूनही होतो.

आता रसायन. पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढायचा आहे. पण पायरुव्हेट हे अल्फा-कीटो आम्ल आहे, आयसोसायट्रेटच्या वेळचा बीटा जागेचा फायदा इथं नाही. कार्बन डायऑक्साइड निघाला की मागे उरलेली इलेक्ट्रॉनची जोडी थेट कार्बोनिलच्या कार्बनवर येते, आणि तिला सामावून घ्यायला तिथं जागाच नाही. थायमिन नेमकी ती जागा देतं. त्याच्या थायाझोलियम कड्यात गंधक आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक कार्बन आहे, दुसऱ्या क्रमांकाचा. त्याच्यावरचा प्रोटॉन निघू शकतो, हे कोलंबिया विद्यापीठाच्या रोनाल्ड ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये दाखवलं. प्रोटॉन गेला की तो कार्बन पायरुव्हेटच्या कार्बोनिलवर जाऊन जोडला जातो. मग कार्बन डायऑक्साइड निघतो आणि उरलेले इलेक्ट्रॉन कड्यातल्या धनभारित नायट्रोजनकडे वळतात. तिथं ते सुखानं राहतात.

हे कागदावर बाण काढून पाहिलं की पुढचं बरंच काही एका दमात कळतं. पायरुव्हेट डिहायड्रोजनेज, अल्फा-कीटोग्लुटरेट डिहायड्रोजनेज, ट्रान्सकीटोलेज, यीस्टमधलं पायरुव्हेट डिकार्बॉक्सिलेज: चारही ठिकाणी थायमिन का लागतं ते दिसतं. थायमिन कमी पडलं की पायरुव्हेट पुढे सरकत नाही, त्याचं लॅक्टेट होऊ लागतं, आणि ज्यांना सतत ऊर्जा लागते ते हृदय आणि मज्जातंतू आधी का बिघडतात तेही दिसतं. बेन्झाल्डिहाइडपासून बेन्झॉइन करण्याचं प्रॅक्टिकल मिळालं तर सोडू नका. जुन्या पद्धतीत त्याला सायनाइड लागतं, आता थायमिन हायड्रोक्लोराइड वापरतात. अल्कली घालताना फ्लास्क बर्फात ठेवायचा, कारण गरम अल्कलीत थायमिनचं कडं फुटतं. मग धीर धरायचा. पांढरे स्फटिक दिसू लागले की समजावं, पेशीत काम करणारा तोच कार्बन काचेच्या फ्लास्कमध्येही तेच काम करतो आहे. रसायन आणि जीवरसायन वेगळं नाही हे मला ज्या प्रयोगानं पटलं तो हा.

भातावर काम करणाऱ्या मोठ्या संस्थाही इथंच जवळ आहेत: तंजावूरमधलं पूर्वीचं पॅडी प्रोसेसिंग रिसर्च सेंटर, जे आता निफ्टेम-तंजावूर म्हणून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे, आणि कुंभकोणमच्या पुढे अडुतुरैला १९२२ पासून असलेलं भात संशोधन केंद्र. तुम्ही जिथं शिकता तिथलं मुख्य पीक कोणतं, त्यावर कोण काम करतं, हे शोधा. जिवंत उदाहरणं तिथं मिळतात.

३. प्रमाणित आकड्यावर थांबू नका

मॅलेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होताना प्रमाणित मुक्त ऊर्जेतला बदल अधिक २९.७ किलोज्यूल प्रति मोल आहे. हा आकडा पाहून विक्रिया चालणारच नाही असं वाटतं. पण ३७ अंशांना संहतींचं गुणोत्तर दहापटीनं बदललं की सुमारे ५.९ किलोज्यूलचा फरक पडतो. म्हणजे उजव्या बाजूच्या संहतींचं डाव्या बाजूच्या संहतींशी गुणोत्तर एक लाखांशाच्या खाली ठेवलं की गाडी पुढे जाते. पेशीत सायट्रेट सिंथेज ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट तयार होताच उचलून नेतं, आणि ते काम होतं. एटीपीचंही तसंच: प्रमाणित आकडा उणे ३०.५, पेशीत प्रत्यक्षात उणे ५० च्या आसपास. ही गणितं कॅल्क्युलेटर घेऊन हातानं करा, उत्तर वाचून समाधान मानू नका.

४. पुस्तकातलं ‘रूम टेंपरेचर’ तुमच्या खोलीचं नाही

पुस्तकात ते २५ अंश असतं. एप्रिल-मेमध्ये तंजावूरला पारा ३५ च्या वर असतो, आणि वीज गेली की प्रयोगशाळाही तेवढीच तापते. ट्रिस बफरचा पीएच दर अंशामागे सुमारे ०.०२८ नं घसरतो. २५ अंशांना ८.० वर बेतलेला बफर ३५ ला ७.७ च्या जवळ येतो, आणि तोच बर्फात ४ अंशांना ८.६ च्या आसपास जातो. एन्झाइमला हा फरक कळतो. म्हणून ज्या तापमानाला प्रयोग करायचा, त्याच तापमानाला पीएच बेता. फॉस्फेट बफर याबाबतीत बराच स्थिर आहे, पण तो कॅल्शियमसारखे आयन खाली बसवतो. प्रत्येक बफरचा स्वभाव त्याच्या तक्त्यावरून वाचायला शिका, आणि नोंदीत तापमान लिहा. तापमान न लिहिलेला एन्झाइमचा आकडा मी स्वतः विश्वासानं वापरत नाही.

५. यंत्राच्या मर्यादा त्याच्या आकड्याआधी शिका

एनएडीएच ३४० नॅनोमीटरला मोजतात, त्याचा मोलर शोषण गुणांक ६२२०. हे सगळ्यांना येतं. पण शोषण २ आलं म्हणजे शंभरातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोचला, हे कितीजण थांबून पाहतात? तिथं भटका प्रकाश आकडा बिघडवतो. ०.१ ते १ च्या दरम्यान राहा, नाहीतर द्रावण विरळ करा.

आणखी एक. लाइनवीव्हर आणि बर्क यांचा १९३४ चा उलट्या आकड्यांचा आलेख शिकवायला उत्तम आहे, कारण एन्झाइमचा प्रतिबंध कोणत्या प्रकारचा ते त्यात डोळ्याला दिसतं. पण केएम काढायला तो वापरू नये असं माझं ठाम मत आहे. सब्स्ट्रेट कमी असतानाचे आकडे मुळातच कच्चे असतात, उलटे केले की त्यांचीच चूक आलेखावर सगळ्यात मोठी होऊन बसते. संगणकावर थेट मूळ समीकरणाची वक्ररेषा बसवा. ती सोय आता सगळ्यांकडे आहे.

६. हळदीवर विश्वास ठेवा, हळदीच्या आकड्यांवर एकदम नको

मी हळदीच्या गावची. म्हणून हे जास्त काळजीनं सांगते. पदवीच्या प्रकल्पांमध्ये वनस्पतींचे अर्क घेऊन अल्फा-ग्लुकोसिडेजचा प्रतिबंध मोजायचा, हा आवडता विषय आहे. मधुमेहावर काही मिळेल अशी आशा असते, आणि ती आशा चांगलीच आहे. या चाचणीत पिवळं नायट्रोफिनॉल ४०५ नॅनोमीटरला मोजतात. हळदीतलं कर्क्युमिन स्वतःच पिवळं, त्याचं शोषण ४२५ च्या आसपास. एन्झाइम न घातलेला, पण अर्क घातलेला कंट्रोल ठेवला नाही तर आपण काय मोजतो आहोत तेच कळत नाही. शिवाय कर्क्युमिनसारखे रेणू पाण्यात एकत्र गोळा होतात आणि कोणत्याही एन्झाइमला चिकटून त्याला खोटंच थांबवतात. थोडं ट्रायटन एक्स-१०० घालून चाचणी पुन्हा करा. प्रतिबंध नाहीसा झाला तर तो खरा नव्हता.

२०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत कर्क्युमिनवर एक सविस्तर आढावा आला. हा रेणू पाण्यात टिकत नाही, रक्तात पुरेसा पोचत नाही आणि चाचण्यांना फसवतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. तो वाचून वाईट वाटतं. पण प्रत्येक विद्यार्थ्यानं तो वाचावा. आपल्या मातीतल्या वस्तूवर प्रेम असेल तर तिची परीक्षा दुप्पट कडक घ्यायला हवी.

७. जर्नल नंतर लिहू नका

तंजावूरचे सरफोजी राजे, दुसरे सरफोजी, १७९८ ते १८३२ गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं, हे महाराष्ट्रात पुष्कळांना माहीत आहे. त्यांनी धन्वंतरी महाल चालवला आणि तिथं वेगवेगळ्या वैद्यकपद्धतींचे जाणकार एकत्र आणून औषधं तपासली, हे तितकं माहीत नाही. डोळ्यांच्या रुग्णांच्या तिथल्या नोंदी आजही जपलेल्या आहेत: रुग्णाला काय होतं, काय उपचार केले, काय झालं, सोबत डोळ्यांची चित्रं. दोनशे वर्षांनी नेत्रतज्ज्ञांना त्या नोंदींवर अभ्यास करता आला, याचं कारण त्या काम चालू असतानाच लिहिल्या गेल्या.

आपल्याकडे जर्नल सेमिस्टरच्या शेवटी, दुसऱ्याचं बघून, सुबक अक्षरात लिहायची पद्धत पडली आहे. ती घातक आहे. कच्ची वही प्रयोगाच्या टेबलावर हवी, शाईनं लिहिलेली, खाडाखोडीसकट. रसायनाच्या बाटलीचा बॅच क्रमांक, पिपेट कोणता, रंग किती वेळानं आला, हे त्याच क्षणी लिहा.

८. हातात रेणू धरा

जी. एन. रामचंद्रन यांनी बी.एस्सी. तंजावूरपासून तासाभराच्या अंतरावर, तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजात केली. पुढे मद्रास विद्यापीठात त्यांनी आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये कोलॅजेनची तीनपदरी रचना मांडली. त्यासाठीचं कोलॅजेन जवळच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून आलं होतं. १९६३ मध्ये रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्याबरोबर त्यांनी बंधांच्या कोनांचा तो नकाशा दिला, जो आज जगातल्या प्रत्येक प्रथिनाच्या रचनेला लावून पाहतात. त्याच्या मुळाशी साधा प्रश्न आहे: बंध फिरवले तर अणू एकमेकांवर कुठं आदळतात?

हे पडद्यावर बघून कळत नाही. बॉल-स्टिकचा संच घ्या, किंवा थर्माकोलचे गोळे आणि काड्या घ्या, एक छोटा पेप्टाइड बांधा आणि दोन्ही कोन फिरवून पाहा. ग्लायसिनला मोकळीक का, प्रोलीन का अडून बसतं, कोलॅजेनमध्ये दर तिसरा अवशेष ग्लायसिनच का लागतो, हे बोटांना कळतं.

९. एकदा स्वामिमलैला जा

कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला मेणाचा साचा गाळून मूर्ती ओततात. मेणात राळ मिसळलेली, वर कावेरीच्या गाळाची माती. तांब्यात पितळ आणि थोडं शिसं. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि तांबं १०८५ अंशांना वितळतं, मग जस्त उडून का जात नाही? कारण ते पितळेच्या रूपात घातलं की मिश्रधातूत त्याचा बाष्पदाब कमी राहतो. भौतिक रसायनातलं ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ हे प्रकरण ज्यांना कोरडं वाटतं त्यांनी तिथं अर्धा दिवस बसावं.

१०. आपल्या भाषेत समजावून सांगा

आमच्या अभ्यासाच्या गटात तेलुगू, तमिळ, हिंदी आणि माझी मराठी होती. वर्गात इंग्रजी. रात्री मी बाबांना फोनवर त्या दिवशीचं मराठीत सांगायची, आणि ते मध्येच विचारायचे, ‘पण त्या एन्झाइमला कसं कळतं गं?’ या प्रश्नाचं उत्तर देताना आकार, भार आणि ऊर्जा या तीनच गोष्टींवर यावं लागतं. पारिभाषिक शब्दांमागे लपता येत नाही.

राजवाड्याच्या बाजूला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातल्या आजींना मी उकड्या तांदळाची ही सगळी गोष्ट सांगितली होती. पिढ्यान् पिढ्या तंजावूरला राहूनही त्यांच्या घरात मराठी बोलतात. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आमच्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं तर.’ मोह होतो हो म्हणायचा. मी त्यांना सांगितलं, आजी, साळ उकडली की भरडताना दाणे कमी तुटतात, हे त्यांना नक्की ठाऊक असणार. जीवनसत्त्वाचा लाभ त्यातून आपोआप झाला. त्यांना ते पटलं, आणि मग त्यांनी त्यांच्या सासूबाई साळ कशी भिजवायच्या ते मला इतकं बारकाईनं सांगितलं की मी ते वहीत उतरवून घेतलं. पाणी किती गरम, किती वेळ, वास आला की काय करायचं. आंबूस वास येतो तो सूक्ष्मजीवांमुळे, आणि गरम पाण्यात भिजवण्याचा काळ आखूड झाला की तो टळतो. कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या तोडीचं ते ज्ञान होतं.

११. उन्हाळ्याची तयारी दिवाळीआधी करा

बंगळूरची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी या तिन्ही अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. अर्ज आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच निघतात, आणि त्यात तुम्हाला काय करायचं आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. तिथं ‘मला संशोधनाची आवड आहे’ एवढंच लिहू नका. एखादी विक्रिया घ्या, तिच्यातला तुम्हाला न उलगडलेला एक प्रश्न लिहा, आणि तो तपासायला कोणता प्रयोग कराल ते लिहा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलांना घराजवळही संधी आहे. शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, ते शेवटच्या आठवड्यात मागायला जाऊ नका. महिनाभर आधी जा, आणि जाताना तुमची कच्ची वही बरोबर न्या.